हिरवट निळा, जांभळट निळा

सांगलीत एका मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर मी गेली १९ वर्षं काम करते आहे. गिऱ्हाईक साडी उलगडतं, मी काठाकडे एकदा बघते आणि हात आपोआप बरोबर फळीकडे जातो. आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, अबोली, शेवाळी, मोरपंखी, रामा, चटणी, वांगी, राणी या नावांवर माझा दिवस चालतो. नुसत्या हिरव्याचेच आमच्याकडे तीसेक तागे आहेत. कुणी म्हणालं, "ताई, हाच, पण जरा पिवळट झाक असलेला," तर मला नेमकं कळतं.

पण हाच रंग कागदावर कालवून दाखव म्हटलं असतं, तर दीड वर्षापूर्वीपर्यंत मला तो जमला नसता. त्याला कारण आठवीतला एक दिवस. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते. संकल्पचित्राच्या पेपरात वर्तुळात कमळाची नक्षी काढली आणि पाकळ्या जांभळ्या करायच्या हे मनात पक्कं होतं. माझ्याकडे पोस्टर कलरच्या सहा बाटल्या होत्या, त्यात जांभळा नव्हता. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, हे पाठ होतं. तसं केलं आणि थाळीत चिखल झाला. निळा वाढवला तर काळपट चिखल, लाल वाढवला तर विटकरी चिखल. वेळ संपत आली तेव्हा तोच रंग पाकळ्यांत भरला. सी ग्रेड आली. "हिला रंगाचं अंगच नाही," असं वर्गात कुणीतरी म्हणालं आणि मी ते खरं मानलं. त्यानंतर तीसेक वर्षं ब्रश हातात धरला नाही.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि रविवारची दुपार रिकामी राहू लागली. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक निवृत्त चित्रकला शिक्षक माडीवरच्या खोलीत वर्ग घेतात. मुलं बहुतेक एलिमेंटरी-इंटरमिजिएटची, दोघं-तिघं कलामहाविद्यालयाच्या सीईटीची तयारी करणारी. त्यांच्यात मी एकटी काकू.

पहिल्या दिवशी सरांनी चित्र काढायला दिलंच नाही. एक पांढरी इनॅमलची थाळी पुढे ठेवली, तिच्यात दोन ट्यूबमधला थोडा थोडा रंग काढला, त्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि ब्रशने पसरवून विचारलं, "ताई, यातला निळा कोणता?"

मी म्हटलं, "सर, दोन्ही निळेच आहेत. हा हिरवट निळा, हा जांभळट निळा."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "हे ओळखायला मी मुलांचे दोन-दोन महिने घेतो," म्हणाले. "तुम्हाला हे आधीच दिसतंय. आता ते हातात उतरवू."

हिरवट होता तो प्रशियन ब्लू, जांभळट होता तो अल्ट्रामरीन. मग त्यांनी आणखी चार ट्यूब काढल्या. दोन लाल: एक व्हर्मिलियन, म्हणजे आपला शेंदरी, नारिंगीकडे झुकणारा, दुसरा क्रिमसन, डाळिंबाच्या दाण्यासारखा, जांभळ्याकडे झुकणारा. दोन पिवळे: लेमन यलो लिंबासारखा, किंचित हिरवट; आणि गॅम्बोज हळदीसारखा, किंचित तांबूस. सहा ट्यूब, आणि पुढचे चार रविवार एवढंच सामान.

मराठीत आपण किती सहज बोलतो: तांबूस, पिवळसर, हिरवट, निळसर, जांभळट, काळपट. सगळं रंगमिश्रण या शेवटच्या 'ट' आणि 'सर'मध्ये दडलेलं आहे, हे मला त्या माडीवर कळलं. पाठ्यपुस्तकातलं 'लाल अधिक निळा बरोबर जांभळा' चुकीचं नाही, पण अर्धं आहे. कोणता लाल आणि कोणता निळा, ते त्यात सांगितलेलं नसतं.

सरांनी तक्ता करायला लावला. दोन लाल आणि दोन निळे यांच्या चार जोड्या, म्हणजे चार जांभळे. तसेच चार नारिंगी आणि चार हिरवे. एकूण बारा जोड्या, प्रत्येक जोडीचे पाच चौकोन: दोन्ही टोकांना शुद्ध रंग, मध्ये तीन पायऱ्या. साठ चौकोन. कार्ट्रिज पेपर पाण्याने फुगत होता म्हणून सरांनी जाड, ३०० जीएसएमचा कागद आणायला सांगितलं. तो महाग आहे. मी एक ताव कापून आठ तुकडे केले आणि दोन्ही बाजू वापरल्या.

पिवळ्या-निळ्याच्या पहिल्याच जोडीला मी थाळीत निळ्याचा गोळा घेऊन त्यात पिवळा घालायला लागले. अर्धी ट्यूब पिवळा गेला तरी रंग निळाच. सरांनी थांबवलं. फिक्या रंगापासून सुरुवात करायची आणि त्यात गडद रंग ब्रशच्या टोकाने आणायचा, हा नियम. प्रशियन इतका तीव्र आहे की वाटाण्याएवढ्या पिवळ्याला त्याचा मोहरीएवढा कण पुरतो. फोडणीत हिंग घालताना आपण डबा उपडा करत नाही, तसंच. आणि पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण मी पहिला रविवार एकाच भांड्यावर काढला आणि माझे सगळे पिवळे हिरवट झाले. ते चौकोन मी पुन्हा केले.

हिरव्यांची रांग पूर्ण झाली तेव्हा मला आमची फळीच समोर दिसली. लेमन यलो आणि प्रशियनचा लखलखीत पोपटी. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा जरा शांत हिरवा. गॅम्बोज आणि प्रशियनचा गडद, कढीपत्त्यासारखा. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीनचा शेवाळी. १९ वर्षं मी हे चार तागे वेगवेगळे समजून हाताळत होते. ते एकाच घरातले आहेत आणि त्यांच्यात फरक का पडतो हे आता कळलं.

मग जांभळ्यांची रांग आली. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. पहिली जोडी शेंदरी आणि प्रशियन. ब्रश दोनदा फिरवला आणि तोच चिखल. तोच, आठवीतला. मला अगदी बाकाची कड आठवली.

सर शेजारी येऊन बसले आणि त्यांनी मला हे समजावलं. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. रंगद्रव्य त्यातले काही गिळतं आणि उरलेले परत पाठवतं. आपल्याला दिसतो तो परत आलेला उजेड. शेंदरी हा निळा-जांभळा आणि हिरवा उजेड गिळतो, लाल-नारिंगी परत देतो. प्रशियन लाल-नारिंगी गिळतो, हिरवट निळा परत देतो. दोघं एकत्र आले की एकाने राखलेलं दुसरा गिळून टाकतो. डोळ्यापर्यंत यायला फारसं काही उरत नाही, आणि जे उरतं ते मळकट दिसतं. दुसऱ्या शब्दांत, शेंदरीत पिवळा लपलेला आहे, प्रशियनमध्येही पिवळ्याची झाक आहे. मी दोन रंग मिसळतेय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात तिन्ही मूळ रंग एकत्र येत होते. तिन्ही एकत्र आले की रंग मरतो.

"आता क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्या," सर म्हणाले. "दोघांनाही जांभळ्याची ओढ आहे."

क्रिमसनचा थेंब घेतला, त्यात अल्ट्रामरीनचं टोक बुडवलं. थाळीत आधी लालच्या कडेला एक रेघ उमटली, मग ती पसरत गेली आणि मध्ये स्वच्छ जांभळा उभा राहिला. कृष्णकमळासारखा. तो चौकोन वाळेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. तेरा वर्षांच्या त्या मुलीच्या हाताचा दोष नव्हता. तिच्या संचात जांभळ्याकडे झुकणारे लाल-निळे नव्हते आणि हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

सरांकडे रंगांच्या गोष्टीही असतात. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चुकून तयार झाला; करणाऱ्याला खरं तर लाल रंग करायचा होता, त्यातलं एक द्रव्य भेसळीचं निघालं आणि हाती हा निळा आला. अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द दगड दळून करत, म्हणून युरोपात तो फार महाग असे. १८२० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीत तो कारखान्यात करता येऊ लागला आणि स्वस्त झाला. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना घालतात त्या नीळपुडीत बहुतेक वेळा हाच असतो. माझी आजी आजोबांच्या धोतरांना नीळ घालायची. कापड जुनं झालं की पिवळट पडतं. निळ्या-जांभळ्याची झाक त्या पिवळ्याला मारते आणि धोतर पांढरं दिसतं. रंगचक्रात, म्हणजे सगळे रंग क्रमाने गोल मांडलेल्या तक्त्यात, समोरासमोर बसणारे रंग एकमेकांना मारतात, हा धडा आजी दर आठवड्याला बादलीत करत होती.

हळद आणि चुना मिसळला की लाल होतो, मग पिवळा अधिक पांढरा बरोबर लाल का, असं वर्गातल्या एका मुलाने विचारलं. तो प्रश्न मला फार आवडला. तिथे रंग मिसळत नाहीत. चुन्यामुळे हळदीतलं द्रव्यच बदलतं. ते रसायनशास्त्र, हे रंगमिश्रण, दोन्ही वेगळ्या गोष्टी.

राणी रंगाने मात्र मला दोन रविवार दमवलं. काउंटरवर सगळ्यात जास्त खपणारा रंग, तो आपल्याला यायलाच हवा असं वाटलं. क्रिमसनमध्ये पाणी वाढवलं तर गुलाबी झाला, पण फिका. जांभळा घातला तर मावळला. सरांनी सांगितलं की सहा ट्यूबमधून राणी येणारच नाही, तो स्वतःच मूळ रंग धरायचा. छापखान्यात असंच धरतात. तिथे सायन (हिरवट निळा), मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाई असतात. वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर भिंग धरून पाहा, त्याच चार रंगांचे ठिपके दिसतात. मॅजेंटा म्हणजे जवळपास आपला राणी. मग सरांनी मॅजेंटात लेमन यलो घालून दाखवला आणि थाळीत चक्क लालभडक रंग आला. लाल हा मूळ रंग, तो मिसळून येत नाही, असं मी ठामपणे मानत होते. प्राथमिक रंग कोणते याचं उत्तर आपण कोणती द्रव्यं हाताशी घेतो त्यावर ठरतं. लाल-पिवळा-निळा ही शिकण्याची चांगली सुरुवात आहे. छपाईला सायन-मॅजेंटा-पिवळा अधिक पोचतो.

रंगकांतीचा, म्हणजे उजळ-गडदपणाचा भाग मी थोडक्यात सांगते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी सगळे करतात, मीही केली. डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे रंग मागे पडतो आणि उजेड-अंधार पुढे येतो. मी दुकानात फोनचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून पाहिला. लाल साडी, हिरवा काठ, डोळ्याला केवढा विरोध! फोटोत दोन्ही एकाच राखाडीचे. लांबून ती साडी सपाट का दिसते याचं उत्तर मला तिथे मिळालं.

पावसाळ्याच्या तोंडाशी सरांनी पहिलं खरं काम दिलं. पांढऱ्या बशीत एक आमसूल ठेवलं आणि म्हणाले, "याचा रंग करा. चित्र नको, फक्त रंग."

मला वाटलं, हा तर माझ्या फळीवरचा रंग. खिडकीपाशी बसले. आधी क्रिमसन घेतला आणि गडद करायला काळा घातला. रंग गडद झाला, पण कोळशासारखा निर्जीव. सर म्हणाले, "काळा विसरा. झाक सांगा." मी आमसूल चिमटीत धरून उजेडासमोर नेलं. मधे ते काळंच होतं, पण कडेला जिथे साल पातळ झाली होती तिथून उजेड आरपार येत होता, डाळिंबी. सुरकुत्यांच्या माथ्यावर मिठाची पांढरट पूड, आणि ओलसर भागावर आकाशाचा निळसर चमका. एका आमसुलात चार रंग.

दुसऱ्या खेपेला क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. सुंदर आला, पण वांगी. आमसुलापेक्षा जास्त जांभळा. मग मी विचार केला की जांभळ्याला शांत करायचं तर त्याच्या समोरचा पिवळा हवा. शुद्ध पिवळा भडक पडेल, तर पिवळा अंगात असलेला तांबूस तपकिरी घेऊ. सरांकडून बर्न्ट सिएना मागून घेतला, भाजलेल्या गेरूसारखा असतो तो. ब्रशचं टोकच लावलं. रंग एका क्षणात जागेवर आला. आमसूल बशीतून उचलून रंगाशेजारी ठेवलं, फरक दिसेना. मी अक्षरशः टाळी वाजवली, पोरंही उठून बघायला आली.

दहा मिनिटांनी कागद वाळला आणि रंग फिका झाला. जलरंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की उतरतो. हे सांगितलेलं होतं, पण हाताला माहीत नव्हतं. पाणी कमी करून पुन्हा कालवला. या वेळी आधी कागदाच्या कोपऱ्यावर ठिपका लावून वाळू दिला, मग पुढचा. संध्याकाळपर्यंत सात ठिपके झाले. सातवा बरोबर आला. बशीवर पडलेली आमसुलाची सावली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या करड्याने केली. काळ्यातून आलेल्या करड्यापेक्षा हा फार जिवंत असतो, निळसर ठेवता येतो किंवा उबदार करता येतो. आमसुलाच्या अगदी बुडाशी सावलीत तांबूसपणा होता, तोही टाकला.

त्या दिवशी सरांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. गॅम्बोज हा पिवळा पूर्वी ज्या झाडांच्या चिकापासून करत ती झाडं कोकमाच्याच कुळातली, गार्सिनिया. नाव पडलं कंबोडियावरून. हल्ली ट्यूबवर नाव तेच असतं, आत बहुधा दुसरं रंगद्रव्य असतं. पण माझ्या थाळीतला पिवळा आणि बशीतलं आमसूल हे भाऊबंद, याचा मला फार आनंद झाला.

या शिकण्याचा दुकानात लगेच उपयोग झाला तो मात्र मला अपेक्षित नव्हता. आमच्याकडे एक तक्रार नेहमीची: "इथे मॅच होता, घरी गेल्यावर होईना." त्याचं एक कारण आम्हाला पूर्वीपासून माहीत आहे, ट्यूबलाइटचा उजेड. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला दारापर्यंत नेऊन उन्हात दाखवतो. दुसरं कारण सरांनी शिकवलं. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगकामाची जबाबदारी शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध झाक देतो, हे त्याने १८३९ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. मी घरी एकच करडा कागद राणी कापडावर आणि पोपटी कापडावर ठेवून पाहिला. राणीवर तो हिरवट दिसला, पोपटीवर गुलाबट.

आमच्या काउंटरवर कितीतरी वर्षं लाल कापड अंथरलेलं होतं. म्हणजे आम्ही दाखवत होतो तो प्रत्येक हिरवा त्यावर अधिकच हिरवा दिसत होता आणि घरी गेल्यावर उतरत होता. मी मालकांना दोन करडे तुकडे दाखवून हे समजावलं. त्यांनी ऐकलं आणि त्याच आठवड्यात काउंटरवर फिकट राखाडी कापड आलं. धूपछाव साडी आली की मी आता घाई करत नाही. तिच्यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, रंग मिसळतो तो डोळ्यात. ब्लाउजपीस हलवत, दोन्ही बाजूंनी उजेड घेत बघते आणि गिऱ्हाइकालाही बघायला लावते.

सध्या हिरव्यावर काम चालू आहे. माडीच्या खिडकीबाहेर चिंच आहे आणि पाऊस झाल्यापासून ती रोज वेगळी दिसते. वहीत लिहून ठेवते. नवी पालवी: लेमन यलो, प्रशियनचं टोक, किंचित बर्न्ट सिएना. जून पानं: गॅम्बोज, अल्ट्रामरीन, क्रिमसनचा एक थेंब. पावसात भिजलेलं खोड: बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, पाणी कमी. सावलीतली पानं अजून सापडलेली नाहीत. आठ ठिपके झालेत, त्यातला सहावा जवळचा आहे.